राजीखुशीची सही

आपल्याकडच्या दस्तांत पिढ्यान्‌पिढ्या एक वाक्य लिहिलं जात होतं. 'मी हा दस्त राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दाबदडपणाला बळी न पडता लिहून देत आहे.' हे वाक्य जितक्या वेळा लिहिलं गेलं तितक्या वेळा खरं असतं, तर निम्मी कोर्टं बंद करून तिथं शाळा भरवता आल्या असत्या. लिहून देणारी बाई खुर्चीत, मागे भाऊ उभा, भावामागे चुलता, बाहेर गाडी चालूच. बाईनं सही केली की झाली राजीखुशी.

मग सही कॉम्प्युटरवर आली. गणित पक्कं होतं, त्यात खोट नव्हती. प्रत्येकाकडे दोन किल्ल्या. एक गुप्त, आपली आपल्याजवळ, अंगठ्यानं किंवा फोनवरून फिरणारी. दुसरी उघडी, जगाला दाखवायची. गुप्त किल्लीनं दस्तावर शिक्का मारायचा, उघड्या किल्लीनं कुणीही तो तपासायचा. मागाहून दस्तातला एक स्वल्पविराम जरी हलवला तरी शिक्का जुळत नाही. कायद्यानं म्हटलं, ही सही हातच्या सहीइतकीच खरी. सगळे खूश झाले.

पण गणित एवढंच सांगायचं की किल्ली फिरली. ती कुणी फिरवली, हे गणिताला माहीत नव्हतं. आजोबा कोमात आणि त्यांचा अंगठा मात्र जमिनी विकतोय, असे खटले उभे राहिले. बायकांचं तर विचारूच नका. किल्ली बाईच्या नावाची, फोन नवऱ्याकडे. कोर्टात एकच रडगाणं ऐकू येऊ लागलं, सही माझीच आहे साहेब, पण मी केलेली नाही.

त्यावर उपाय म्हणून स्वेच्छामुद्रा आली. लोक तिला खुशीचं मशीन म्हणू लागले. काचेची एक पाटी, तिच्यावर अंगठा दाबून धरायचा, समोर बारीक कॅमेरा. या मशीनमध्ये किल्ली आधीपासून साठवलेली नसतेच, ती त्या क्षणी तयार होते. अर्धी अंगठ्यातल्या शिरांच्या जाळ्यातून, अर्धी शरीराच्या प्रतिसादातून. माणूस मनाविरुद्ध हात पुढे करतो तेव्हा हात पुढे ढकलणारे स्नायू ताठतात आणि मागे ओढणारेही ताठतात. डोळ्यांना दिसत नाही, काचेला कळतं. नाडीची लाट बदलते, घामाची रंध्रं उघडतात, डोळ्याची बाहुली मोठी होते. शरीरात ओढाताण असेल तर किल्लीचा दुसरा अर्धा भाग बनत नाही, आणि किल्ली नाही म्हणजे सही नाही. दिवा लाल. शरीर मोकळं असेल तर दिवा हिरवा. आणि हिरवी सही अंतिम. तिच्यावर कुठल्याही कोर्टात आक्षेप घेता येत नाही, कारण माणूस खोटं बोलेल, त्याचं शरीर बोलणार नाही.

कायदा करणाऱ्यांना असंच वाटलं होतं.

*

हर्षदा मुळीक लग्नानंतर कराडला गेली आणि तिथं बायकांना गाडी शिकवू लागली. गाड्या स्वतःच्या स्वतः चालायला लागल्या तरी चढाच्या, खड्ड्यांच्या रस्त्यांवर माणूस लागतोच, त्यामुळे तिचा धंदा टिकून होता. तिच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखाली दुसरा ब्रेक होता. शिकणारीनं गोंधळ घातला की हर्षदाचा पाय आपोआप पडायचा. बोलायला धीट, रस्त्यावर कुणी आडवा आला तर खाली उतरून त्याची आई-माई काढणारी बाई. तिच्यावर कुणी दबाव आणील, हे कुणाला खरं वाटलं नसतं. तिला स्वतःलाही नाही.

तिचे वडील, अण्णा, सेलमला गलाईवाले होते. सोनं वितळवून शुद्ध करायचा धंदा. आयुष्यभर भट्टीचा धूर खाऊन त्यांनी तालुक्याच्या गावी बायपासला तिमजली इमारत बांधली आणि मृत्युपत्र न करता गेले. आई आधीच गेली होती. मागे तीन वारस. मोठी उज्ज्वला, जिला सगळे अक्का म्हणत. मधला धैर्यशील, हर्षदाचा दादा. आणि धाकटी ती.

दादाला त्या जागेवर मंगल कार्यालय उभं करायचं होतं. त्याचा भागीदार म्हणाला, आधी बहिणींचं हक्कसोड पत्र आणा. त्यात नवल काही नाही. आपल्याकडे बहिणीनं हिस्सा सोडायचा असतो. सोडला तर ती बहीण. मागितला तर ती हिस्सेदार, आणि हिस्सेदाराला माहेर नसतं. दादानं दोघींना पैठण्या घेतल्या. वहिनीनं पुरणावरणाचा बेत ठरवला. सकाळी गाडी निघाली तेव्हा हर्षदाच म्हणाली, "लवकर उरकू रे, दुपारी मला क्लास आहे."

निबंधक मॅडम वयानं लहान होत्या. त्यांनी अक्काला बसवलं, अंगठा काचेवर ठेवायला सांगितला आणि मजकूर वाचला. "वडिलांच्या मिळकतीतील माझा हिस्सा मी भाऊ धैर्यशील याच्या लाभात कायमचा सोडून देत आहे."

वाक्य संपायच्या आधीच दिवा हिरवा झाला.

"वा अक्का!" दादा हसला. "मशीनसुद्धा खूश झालं."

मग हर्षदा बसली. अंगठा ठेवला, वाक्य ऐकलं, मनात हो म्हणाली. दिवा लाल.

"थंडी आहे ना, एसीची," दादा म्हणाला.

मॅडमनी तिला पाणी दिलं, हात पुसायला लावले, पुन्हा वाचलं. पुन्हा लाल.

"अहो मॅडम, मला द्यायचंय," हर्षदा वैतागली. "माझ्या तोंडानं सांगतेय ना!"

"तोंडाचं ग्राह्य धरत नाही ताई." मॅडमनी दादाकडे पाहिलं, आणि ते पाहणं सरकारी होतं. "आणखी एकदाच ठेवता येईल. तिसऱ्यांदा लाल आला तर दबावाची नोंद आपोआप दंडाधिकाऱ्यांकडे जाते. ज्याच्या लाभाचा दस्त, त्याची चौकशी. तुम्ही विचार करून पुढच्या आठवड्यात या."

*

घरी पुरणपोळ्या तशाच राहिल्या. वहिनी स्वयंपाकघरातून बाहेरच आली नाही. दादा पायरीवर बसला होता, चप्पल न काढता.

"सगळ्या ऑफिससमोर मला चोर केलंस."

"मी काय केलं? मी हो म्हणत होते."

"तू म्हणत होतीस. तुझा अंगठा काय म्हणत होता?"

"अंगठ्याला विचार."

"थट्टा नको हर्षे. तुझा नवरा दवाखान्यात होता तेव्हा कोण आलं? रक्त कुणी दिलं?"

"तू."

"तुझ्या पोरीचं नाव कुणी ठेवलं? पाळणा कुणी आणला?"

"तूच रे. मी कुठं नाही म्हणतेय?"

"मग दबाव कसला? मी कधी तुझ्यावर हात उगारलाय? कधी आवाज चढवलाय?"

त्यानं कधीच चढवला नव्हता. चढवायची गरज पडली नव्हती, हा भाग वेगळा.

ती माडीवर जाऊन बसली. भावावर जीव होता, त्यात काही खोटं नव्हतं. मग हे कुठून आलं? तिनं अंगठ्याकडे पाहिलं. आणि तिला एक ओळ आठवली, जी तिनं कधी लिहिलीच नव्हती.

बारावीनंतर तिला पुण्याच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता. यंत्र अभियांत्रिकी. त्या काळी मुलीच्या प्रत्येक अर्जावर मोबाईल नंबर भावाचा असायचा. मुलीचा नंबर असा चारचौघांत कशाला द्यायचा, म्हणून. बँकेत भावाचा, परीक्षेला भावाचा, रेशनकार्डालाही भावाचा. एका संध्याकाळी तिनं कॉलेजचं पान उघडलं तर तिथं लिहिलेलं, 'विद्यार्थिनीने स्वेच्छेने प्रवेश रद्द केला आहे.' वडिलांनी ठरवलं होतं. ओटीपी दादाच्या फोनवर आला होता. दादानं तो टाकला होता. कायद्याच्या दृष्टीनं ती हर्षदाची सही होती, पूर्ण खरी, कुणालाही तपासता येईल अशी.

ती भांडली नव्हती. दादानं तिला जवळ घेऊन म्हटलं होतं, "अण्णांचं बीपी माहीत आहे ना तुला?" आणि मग तिला स्वतःच्या जीपवर गाडी शिकवली होती. त्या उपकाराखाली ती ओळ गाडली गेली. तिला वाटलं होतं, विसरले. ती विसरली होती. अंगठा विसरला नव्हता.

*

निबंधक कार्यालयासमोर संपत हांडेचं दुकान होतं. तो दस्त लिहायचा. वकील नव्हता, पण लोक वकीलसाहेब म्हणायचे आणि तो ओ द्यायचा. दादानं त्याला विचारलं तेव्हा तो हसला.

"लाल आला? अहो, निम्म्या बहिणी पहिल्यांदा लालच येतात. जे कधी बोलल्या नाहीत ते मशीन बोलून टाकतं. काळजी करू नका. हिरव्या करून देतो."

त्याच्या दुकानामागच्या खोलीत तसलंच एक मशीन होतं, सरावाचं. सही होत नसे, दिवे तेवढे लागत. हाताचा कंप जाण्यासाठी डॉक्टर देतात त्या गोळ्यांची पाकिटं होती. स्नायू ढिले पडतात, छाती शांत होते. आणि हांडेची बायको बायकांना श्वास शिकवायची. खोलीत तीन-चार जणी ओळीनं बसलेल्या, डोळे मिटून, मांडीवर हात. देवळात बसल्यासारख्या.

इतक्या हुशार लोकांनी इतका पैसा ओतून मशीन बनवलं, माणसाची इच्छा जपण्यासाठी. आणि आपल्या माणसांनी मशीनला हात लावला नाही, सरळ बाईच बदलायला घेतली. हे आपल्यालाच सुचू शकतं.

हर्षदा स्वतःहून तिथं गेली, हे सांगायला पाहिजे. कुणी ओढून नेलं नाही. तिला माहेर हवं होतं. दिवाळीला जायला घर हवं होतं. दादावर चौकशी लागावी, त्याला कुणी गुन्हेगार म्हणावं, हे तिला सहन होणारं नव्हतं. अक्का सोबतीला आली.

गोळी घेऊन तिनं अंगठा ठेवला. लाल. श्वास धरला, सोडला. लाल.

"ताई, तुम्ही फार विचार करता," हांडेची बायको म्हणाली. "ह्या मोठ्या ताईंकडून शिका. यांचा कसा पटकन झाला?"

बाहेर बाकावर बसून दोघींनी चहा घेतला. हर्षदानं विचारलं, "अक्का, तुला आतून काय वाटत होतं गं? अंगठा ठेवलास तेव्हा?"

अक्कानं कप खाली ठेवला.

"काही नाही."

"काहीतरी असेल."

"खरंच काही नाही. मी दुपारच्या भाकरीचं पीठ किती मळायचं ते आठवत होते. माझं म्हणून काय होतं हर्षे? इथं होते तोवर अण्णांचं. तिकडं गेले ते सासऱ्यांचं, मग ह्यांचं, आता पोराचं. चपलासुद्धा सून ठरवती. माझा हिस्सा म्हणाल्या त्या मॅडम, तर मला कळंना, कुणाबद्दल बोलत्यात. जे कधी धरलंच नाही ते सोडायला काय लागतंय?"

हर्षदाचा चहा थंड झाला.

"आता त्यांनी मला कागद दिलाय," अक्का म्हणाली. "त्यावर लिवलंय, पूर्ण स्वेच्छा. पैकीच्या पैकी. माझ्या आख्ख्या जन्मात मला कशात पैकीच्या पैकी मिळालं नव्हतं." ती हसायला लागली आणि तिचा चेहरा हसण्यात सामील झाला नाही. "म्हंजे मी खूश व्हते व्हय गं?"

त्या मशीनला भीती ओळखता येत होती, ओढाताण ओळखता येत होती. जिथं ओढणारं कुणी उरलंच नाही ते त्याला ओळखता येत नव्हतं. पुरती मोडलेली बाई आणि पुरती मोकळी बाई, दोघींचा अंगठा काचेवर सारखाच शांत पडतो. आणि हिरवी सही अंतिम. पूर्वी निदान अक्का कधीतरी कोर्टात उभी राहून म्हणू शकली असती की मला कळलं नव्हतं. आता ते दारही विज्ञानानं बंद केलं होतं.

*

तिसऱ्या सहीच्या सकाळी दादा, अक्का आणि ती हांडेच्या मागच्या खोलीत आले. शेवटचा सराव. हर्षदानं गोळी घेतली होती. हात जड, छातीत कापूस भरल्यासारखं. हांडेनं वाक्य वाचलं.

ती भाकरीच्या पिठाचा विचार करू लागली. पीठ, पाणी, परात. परातीसमोर अक्का बसली होती आणि तिला चेहरा नव्हता. हर्षदा हळूहळू तिच्या जागी जाऊन बसली.

दिवा हिरवा झाला.

"झालं!" हांडेनं टाळी वाजवली. "चला, हा मूड घेऊन असंच उठायचं, इकडं-तिकडं बघायचं नाही, सरळ समोर ऑफिसात."

दादानं डोळे मिटून देवाचं नाव घेतलं. "हर्षे, माझी बाय ती."

ती उठली नाही. हिरव्या दिव्याकडे बघत राहिली. इतकं सोपं होतं. आपण नसलो की झालं.

"दादा," ती म्हणाली, "तू ठेव."

"काय?"

"अंगठा. तू ठेव इथं."

हांडे हसला. "ताई, घेणाऱ्याला लागत नाही. कायद्यात फक्त देणाऱ्याची खुशी मोजतात."

"माहीत आहे मला. म्हणून तर इथं म्हणतेय, आत नाही. इथं सही होत नाही, नोंद होत नाही, नुसता दिवा लागतो." ती बाजूला सरकली. "ठेव दादा. वाक्य मी वाचते. माझ्या बहिणीनं हे स्वतःच्या खुशीनं दिलंय. एवढंच. हिरवा आला तर मी आत जाऊन सही करते, आईशपथ. अक्का साक्षीला आहे."

दादाचा उजवा हात पँटच्या खिशात होता.

"हा काय पोरखेळ चाललाय."

"पोरखेळच. मग ठेव की."

"मॅडम वाट बघतायत."

"एक वाक्य आहे दादा. मला किती वेळा तेच वाक्य ऐकवलंत. तू एक ऐक."

खोलीतल्या बाकीच्या बायकांनी डोळे उघडले होते. श्वास मोजणं थांबलं होतं. हांडेची बायको नवऱ्याकडे न बघता दादाच्या खिशाकडे बघत होती.

दादानं हर्षदाकडे पाहिलं. रागानं नाही. खूप वर्षांपूर्वी फोनवर आलेला नंबर टाकताना त्याचा चेहरा कसा होता, ते तिनं पाहिलं नव्हतं. आता पाहिला.

हात खिशातून बाहेर आला नाही.

हर्षदानं गोळ्यांचं पाकीट हांडेच्या टेबलावर ठेवलं. "मी देत नाही," ती म्हणाली. जीभ जड होती, म्हणून पुन्हा नीट म्हणाली. "मी माझा हिस्सा देत नाही. हे मशीन नाही बोलत, मी बोलतेय. तू मला वाईट म्हण, लोभी म्हण, पण माझ्या तोंडावर म्हण. आणि आत मी येत नाही. आले आणि लाल झाले तर तुझ्यावर चौकशी लागेल. तेवढं मला करायचं नाही. तुला द्यायला माझ्याकडं राजीखुशीचं एवढंच आहे."

दादा बाहेर गेला. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, आणि ती दोघींना न घेता निघून गेली.

*

दिवाळी आली. भाऊबिजेला दादाचा फोन आला नाही. वहिनीनं घरच्या ग्रुपवर पणतीचं एक चित्र टाकलं, ते सगळ्यांनाच होतं. हर्षदानं ओवाळणीचं ताट केलं, थोडा वेळ समोर ठेवलं, आणि मग आत नेऊन ठेवलं. मंगल कार्यालयाचं काम अडलं होतं. गावात लोक तिच्याबद्दल काय म्हणत असतील ते तिला ऐकू न येताही ऐकू येत होतं. हे असं होणार हे तिला माहीत होतं. माहीत असलं म्हणून दुखत कमी नाही.

दुपारी दारात अक्का उभी. एकटी, एसटीनं आलेली. हातात तीच पैठणी, घडी न मोडलेली.

"ही घे. मला नको."

"अगं, बस तरी. घरी सांगून आलीस?"

"नाही." अक्का बसली नाही. "हर्षे, माझं ते हिरवं लाल करता येतं का?"

"नाही गं. कायद्यात नाही."

"वकीलसाहेब पण तेच म्हणाला." तिनं पदरानं तोंड पुसलं. "जाऊ दे कायदा. तरी मला शिकव."

"काय?"

"त्याच्या बायकोनं किती जणींना हिरवं व्हायला शिकवलं. तू मला लाल व्हायला शिकव."

हर्षदानं किल्ली घेतली, अक्काला खाली नेलं आणि गाडीत चालवणाऱ्याच्या जागी बसवलं. स्वतः शेजारी बसली. पायाखाली दुसरा ब्रेक होताच.

"मी? आगं, मी मारीन कुणाला तरी!"

"मी आहे ना. डावीकडे क्लच. सोड हळूहळू."

गाडी दोनदा बंद पडली. तिसऱ्यांदा कशीबशी निघाली. मागचा रस्ता सुट्टीमुळे रिकामा होता. अक्कानं चाक छातीशी ओढून धरलेलं, दात आवळलेले. वळणावर एकाएकी भिंतीआडून एक कुत्रं आडवं आलं.

गाडी कचकन थांबली. दोघी पुढे आदळल्या. कुत्रं दचकून उभं राहिलं, मग निघून गेलं.

अक्का घामाघूम झाली होती. तिचे दोन्ही हात थरथरत होते, नाडी गळ्यात दिसत होती.

"वाचलं गं," ती म्हणाली. "बरं झालं तू दाबलास."

हर्षदानं खाली पाहिलं. तिचा पाय ब्रेकवर नव्हताच.

"मी नाही दाबला अक्का," ती म्हणाली.